रणनवरे सर आन् उन्हाळी

रणनवरे सरांचा आवाज काढणं हे आमच्या हॉस्पिटलात सगळ्यात सोपं काम. नाक जरा चोंदल्यागत करायचं, मान खाली, डोळे चष्म्याच्या वरनं, आन् समोरचा काहीबी बोलला की एवढंच विचारायचं, "म्हंजी कुठला?"

झालं. माणूस उभा राहतो.

शिरूरच्या स्टँडमागं दत्तूमामाची चहाची टपरी हाय, तिथं मी हा खेळ रोज करायचो. दत्तूमामा तर सर स्वतः आले तरी त्यांना सोडायचा नाही. सर बाकड्यावर टेकले की तो पोऱ्याला हाळी द्यायचा, "सरांना एक च्या. अनस्पेसिफाइड." सर हसायचे नाहीत. "साखर कमी, आलं जास्त, आन् कप धुतलेला," असं शांतपणे सांगायचे, आन् वर म्हणायचे, "दत्तू, गिऱ्हाइकानं अर्धं सांगितलं तर तू उरलेलं इचारायचं. मनानं घालायचं न्हाई."

सरांचं सगळं आयुष्य ह्या एका वाक्यात बसतं. तरीबी सांगतो.

आमचं हॉस्पिटल शिरूरात. डायलिसिसचं युनिट असल्यामुळं मांडवगणपासून पाबळपर्यंतच्या किडन्या आमच्याकडंच. पेशंट घरी गेला की त्याची फाइल तळघरात रेकॉर्ड सेक्शनला येते. डॉक्टरांनी जो आजार लिहिला असेल त्याला एक कोड द्यायचा, तो कॉम्प्युटरात चढवायचा. जगात कुठंबी वाचलं तरी त्या कोडचा अर्थ तोच. हे काम सर करायचे. तळघराला एकच खिडकी, तीबी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळं आत बसून बाहेरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. सर चपलांवरनं माणूस ओळखायचे. "नगरकर डॉक्टर आलं. आज बेस्तरवार. चिठ्ठ्या काढ," असं म्हणायचे तवा डॉक्टर अजून गेटात असायचे.

सरांचं पूर्ण नाव शांतवन रणनवरे. राहायला दौंडला, जुन्या चर्चच्या मागच्या गल्लीत. रोज सकाळच्या एसटीनं शिरूरला यायचे आन् संध्याकाळच्या एसटीनं माघारी. पांढरा हाफ शर्ट, खिशाला एक निळं पेन आन् एक शिसपेन्सिल. कुणी नमस्कार केला तर नमस्कार, कुणी राम राम केला तर राम राम, आन् पहिल्यांदा स्वतःला बोलायची वेळ आली तर 'सलाम'. रविवारी त्यांना फोन केला तर त्यांच्या बाई उचलायच्या आन् म्हणायच्या, "आज ते फक्त देवाचं ऐकत्यात."

काम करताना सर उपासनेतली गीतं गुणगुणायचे. मला त्या गीतांवरनं फाइल कळायची. बाळंतपण असलं की सूर मोकळा. हाड मोडलेलं असलं की जरा ठेका. किडनी आली की आवाज बारीक. आन् गाणं मधीच थांबलं की समजायचं, चिठ्ठी निघाली.

चिठ्ठी म्हणजे डॉक्टरांना विचारायचा कागद. डॉक्टरांनी नुसतं 'किडनी फेल' लिहिलं की सर त्या फाइलला हातबी लावायचे नाहीत. म्हणायचे, "किडनी फेल ही शिवी हाय. निदान न्हाई." मग मला बोटांवर मोजून सांगायचे. "एन सतरा, म्हंजी किडनीला अचानक दणका बसला, आज हाय, उद्या जाईल. एन अठरा, म्हंजी जुनाट, मुक्कामाला आलेला. एन एकोणीस, अनस्पेसिफाइड, म्हंजी डॉक्टरांनी सांगितलं न्हाई आन् कोडरनं इचारलं न्हाई. हा तिसरा आपल्या सेक्शनातनं जायचा न्हाई."

मी पुण्यातनं कोडिंगचा कोर्स करून आलो होतो. झोपेत उठवलं असतं तरी कोड सांगितला असता. पहिल्याच दिवशी सरांनी एक फाइल दिली. डॉक्टरांनी सीकेडी लिहिलेलं, म्हणजे जुनाट किडनी, पण कितवी पायरी ते नव्हतं. मी लॅबचा रिपोर्ट बघितला, आकडा बघितला, कोष्टक आठवलं आन् पाचवी पायरी ठोकून दिली. दोन मिनिटांत काम. शाबासकी मिळेल म्हणून सरांकडं बघितलं.

सर म्हणले, "तू डॉक्टर कवा झाला?"

"सर, रिपोर्टात दिसतंय की."

"दिसतंय तुला. लिहिलंय कुणी?"

"कुणी नाही."

"मग तुला काय दिसलं ते घरी सांग. आईला कौतुक वाटंल."

तेवढ्यात चिठ्ठी तयार. 'रुग्णाच्या किडनीच्या आजाराची पायरी कृपया स्पष्ट करावी.' बस, एवढंच. 'पाचवी लिहू का?' असं विचारायचं नाही, ते सरांच्या लेखी डॉक्टरच्या तोंडात घास घालणं. कोडर विचारतो, सुचवत नाही. ती चिठ्ठी घेऊन सर स्वतः तीन जिने चढायचे. लिफ्ट होती. पण लिफ्टमध्ये डॉक्टर भेटले की 'नंतर बघू' म्हणून दुसऱ्या मजल्यावर उतरून जातात, हा सरांचा अनुभव. जिन्यात माणसाला पळता येत नाही.

नगरकर डॉक्टर किडनीचे. दर गुरुवारी पुण्याहून यायचे. मोठे हुशार, मोठे चिडके. एकदा त्यांनी एका फाइलवर नुसतं 'एआरएफ' लिहिलं. सर चिठ्ठी घेऊन गेले, मी मागं.

"रणनवरे, मी किडनीचा डॉक्टर आहे. एआरएफ म्हणजे किडनीच फेल असणार ना?"

"पेशंटला दम लागत होता साहेब. फुप्फुस फेल झालं तरी एआरएफच लिवत्यात."

"अहो, पण मी लिहिलंय."

"तुम्ही लिवलंय हे तुम्हाला म्हाईत. धा वर्सानं फाइल उघडणाऱ्याला कुठं म्हाईत असणारे."

डॉक्टर वैतागले. "मराठीत लिहून देऊ का आता?"

"द्या साहेब. एकच अर्थ निघंल असं कायबी द्या."

आन् डॉक्टरांनी खरंच, रागाच्या भरात, मोठ्या अक्षरात लिहून दिलं, 'मूत्रपिंडाला अचानक झालेली इजा. फुप्फुसाला नाही. समाधान?' खाली सही. सरांनी ती चिठ्ठी फाइलला लावली आन् एन सतरा चढवला. जिना उतरताना एवढंच म्हणले, "अक्षर चांगलंय नगरकरांचं. उगं इंग्रजीत वाया घालवत्यात."

दुसरा किस्सा मांडवगणच्या आबांचा. खरं नाव नको, गावात वजनदार माणूस, सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. आठवड्यातनं दोनदा आमच्याकडं डायलिसिसला यायचे, घरी सांगायचे पुण्याला मीटिंग हाय. एक दिवस काठी टेकत तळघरात उतरले.

"रणनवरे, माज्या कागदावर ते किडनी काढा."

"मग काय लिवू आबा?"

"मुतखडा लिवा. मुतखडा समद्यांना व्हतो. त्यात इज्जत हाय."

"आबा, मुतखड्याला कोण आठवड्यातनं दोनदा मशीनवर झोपवतं?"

"लई मोठा खडा हाय म्हणा."

मी फायलीमागं तोंड लपवलं. सरांनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणले, "आबा, कागदावर जे हाय ते राहील. पण ह्या खोलीतनं एक अक्षर भायेर जाणार न्हाई, हे माझ्याकडनं."

आबा गुरगुरत गेले. पुढच्या आठवड्यात विरुद्ध पार्टीचा एक माणूस आला, पांढरी कापडं, हातात सफरचंदाची पिशवी. "सर, आमचं आबा हितं येत्यात म्हणं. तब्येतीची काळजी वाटती."

सर चष्म्यावरनं बघत म्हणले, "आबा? म्हंजी कुठले?"

त्यानं नाव सांगितलं. सरांनी गाव विचारलं. मग वाडी विचारली. मग बापाचं नाव, मग वय, मग काळजी नेमकी कधीपासून वाटतीय ते. तो माणूस अर्धा तास उत्तरं देत बसला आन् काहीच न मिळता उठला. सफरचंदं माघारी न्यायची त्याला लाज वाटली. डायलिसिसच्या पेशंटला सफरचंद चालतं, तेवढं सिस्टरला विचारून सरांनी ती वर पाठवून दिली. एक आबांनीबी खाल्लं.

आता कोमलचं सांगतो. माझ्या डोक्यात सर बसलेत ते तिच्यामुळं.

कोमल निमोण्याची. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरगी, शिरूरच्या एका अकॅडमीत रोज पळायची. भर उन्हाळ्याचे दिवस. नडगी दुखत होती म्हणून आठवडाभर दुखण्याच्या गोळ्या खाल्लेल्या, पाणी कमी, आन् अकॅडमीत शेवटची चाचणी. पळता पळता मैदानातच पडली. आणली आमच्याकडं. किडनीनं काम थांबवलेलं. दोनदा डायलिसिस करावं लागलं, मग हळूहळू लघवी सुटली, आकडे खाली आले, दहा-बारा दिवसांत पोरगी चालत घरी गेली.

चार दिवसांनी ती तळघरात आली, आई बरोबर. हातात डिस्चार्ज कार्ड.

"सर, ह्यात 'केसीओ सीकेडी' लिहिलंय, म्हंजी काय?"

सरांनी कार्ड वाचलं. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटच्या सहीपर्यंत. "का गं, कुणी इचारलं?"

"अकॅडमीतल्या सरांनी. भरतीच्या फॉर्मात लिहायचं असतंय, आधी दवाखान्यात होता का. मी खरं लिहिलं, कार्डाची झेरॉक्सबी जोडली. तर आता ते म्हणले, ही जुनाट किडनी दिसली की मेडिकलला थेट घरी पाठवत्यात."

तिचा आवाज सरळ होता. आईचाच चिरकला. "धा वर्सं पळतीया वो पोरगी. गावात पयली व्हईल पोलिसात."

सर म्हणले, "केसीओ म्हंजी आधीपास्नं माहिती असलेला आजार. तुला आधीपास्नं व्हता का?"

"न्हाई सर."

"बरं. तू घरी जा. मी वाचतो."

सर फाइल नेहमी मागनं वाचायचे. आधी सिस्टरनं लिहिलेलं, पाणी किती गेलं, लघवी किती झाली, मग लॅब, मग सोनोग्राफी, सगळ्यात शेवटी डॉक्टर. म्हणायचे, सिस्टर जे बघती ते लिहिती. मी बाजूला बसून बघत होतो. गाणं थांबलेलं होतं.

सरांचं बोट एका पानावर थांबलं. कोमलला आणलं त्या रात्री ड्यूटीवर तिवारी डॉक्टर होते. पोरगं चांगलं, कष्टाळू, पण आलं होतं थेट उत्तरेकडनं, मराठी शिकून तीन महिने झालेले. त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं, 'आईच्या सांगण्यानुसार लहानपणापासून दर उन्हाळ्यात हाच त्रास.' आन् त्याखाली, केसीओ सीकेडी. बरोबर हाय त्याचं. दरसाल तोच त्रास म्हणजे जुनाटच.

मग सरांनी त्याच वेळेचं सिस्टरचं पान काढलं. सिस्टर शिरूरची. तिनं मराठीत लिहिलं होतं, 'आई सांगते, मुलीला दरवर्षी उन्हाळी लागते.'

मी दोनदा वाचलं. आन् मला एवढं हसू फुटलं की खुर्चीवरनं पडायचा राहिलो. उन्हाळी लागणं म्हणजे काय हे आपल्याकडं पाचवीतलं पोरगंबी सांगतं. ऊन लागलं, पाणी कमी पडलं, की लघवीला जळजळ होते. धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला, दोन दिवसांत बरं. तिवारींनी ऐकलं 'उन्हाळी' आन् समजले 'उन्हाळ्यात'.

सर हसले नाहीत. म्हणले, "हसून झालं की ते दोन्ही कागद बाजूबाजूला ठेव."

मी म्हणलं, "सर, कशाला एवढं? मॅनेजरचा पासवर्ड कॉम्प्युटरला चिकटवलेलाच हाय. दोन सेकंदात सीकेडी उडवतो, नवीन कार्ड छापतो. सहीचं म्हणाल तर नगरकरांच्या आवाजात तिवारींना फोन टाकतो, मारतील सही पळत येऊन." आन् लगेच नगरकर काढून दाखवले, "तिवारी, व्हॉट नॉनसेन्स इज धिस."

फार हुबेहूब झाला होता. दारातनं जाणारा वॉर्डबॉय सावध उभा राहिला.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "झकास काढतोस आवाज. आता ऐक. तिनं झेरॉक्स जोडलीय. एक कागद तिकडं गेला. आपण हिकडचा बदलला, की तिकडं एक आन् हिकडं दुसरा. मग खोटं कोण ठरंल? मी? तू? नगरकर? ती पोरगी ठरंल."

मी खुर्ची कॉम्प्युटरपास्नं मागं घेतली.

"चुकलं तर चुकलं दिसलं पायजे. खोडायचं न्हाई. त्याच्याखाली बरोबर लिहून घ्यायचं. ज्यानं लिहिलं त्याच्याच हातानं."

मग सर तिवारींना शोधत निघाले. बरोबर ती सिस्टर. तिवारी कँटीनमध्ये पोहे खात होते. सरांचं हिंदी म्हणजे मराठीला पँट घातलेली. मी अजून ते शब्दाला शब्द काढून दाखवतो.

"डाक्टरसाब, वो निमोने का पेशंट. उसके आईने क्या बोला था?"

"यही बोला था सर, हर साल उन्हाली लगती है। उन्हाली मतलब समर। इतना तो मैं सीख गया हूँ।"

"समर को उन्हाळा बोलते. उन्हाळा. आ."

"और उन्हाली?"

सर जरा अडले. सिस्टरकडं बघितलं, सिस्टर छताकडं बघायला लागली. "उन्हाळी मतलब," सर म्हणले, "पेशाब को जलन."

तिवारींचा चमचा हातातच राहिला. "आ और ई का फर्क?"

"हां. आ में मौसम. ई में पेशाब."

तिवारी पोहे टाकून उठले. खरंच भला माणूस. म्हणले, "सर, मैं अभी बदल देता हूँ।"

"बदलो मत," सर म्हणले. "नीचे लिखो. आज का तारीख डालके. नगरकर साहब को भी दिखाना पडेगा."

गुरुवारी खिडकीतनं नगरकरांचे बूट दिसले आन् आम्ही जिन्यात उभे राहिलो. डॉक्टरांनी दोन्ही पानं वाचली, सोनोग्राफी वाचली. आधी भुवया वर, मग पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं. पण पेन उघडल्यावर हसू गेलं.

"अचानक झालेली इजा, हे मी लिहितो. आधीपासून आजार आहे याचा पुरावा नाही, हेही लिहितो. पण जुनाट आजार नाहीच, हे आज नाही लिहिणार. तीन महिने जाऊ देत. परत रक्त, परत लघवी. तेव्हा बोलू."

माझं तोंड पडलं. मला वाटलं सर भांडतील. सर म्हणले, "बरोबर हाय साहेब," आन् सही घेतली.

खाली आल्यावर मी म्हणलं, "सर, अजून एक ओळ मागायची होती. दिली असती त्यांनी."

"दिली असती. खरी नसती."

कोमलला बोलावून सरांनी सगळं समजावलं. तीन महिने दुखण्याची गोळी नाही, डॉक्टर सांगतील तसं पळणं. तिनं तारीख हातावर पेनानं लिहून घेतली. तिची आई मात्र खाली मान घालून बसलेली. म्हणली, "माज्या तोंडानं झालं म्हणायचं हे समदं."

सर म्हणले, "आई, तुम्ही बरोबरच बोलला. आमच्यात ऐकणारा कमी पडला."

तीन महिने झाले. कोमल आली, तपासण्या दिल्या, वर डॉक्टरांना भेटली आन् जिन्यावरनं धाडधाड उतरत तळघरात. "सर, डॉक्टर म्हणले एकदम नॉर्मल. किडनी चांगली हाय म्हणले."

सर म्हणले, "म्हणले का लिहिलं?"

ती थबकली. "म्हणले."

"मग अजून झालं न्हाई. जा."

पोरगी तीन जिने माघारी पळत गेली. परत आली तवा हातात कागद, आन् श्वाससुद्धा लागलेला नव्हता. सरांनी बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. 'जुनाट आजार नाही. पूर्ण बरी.' मग त्यांनी कॉम्प्युटरात एक कोड टाकला जो मी तोवर त्यांच्या हातानं टाकलेला बघितला नव्हता. झेड सत्याऐंशी पॉइंट चार. मी अर्थ विचारला.

"होऊन गेलं," सर म्हणले. "मागं होतं, आता न्हाई. असापण कोड असतो."

कोमलचं भरतीचं मेडिकल झालं आन् दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्शनचा फोन वाजला. तिकडचे एक साहेब, आवाज कोरडा. मी स्पीकरवर टाकला. सर उभे राहिले. फोनवर बोलताना सर कधी उभे राहायचे नाहीत.

"तुमच्या हॉस्पिटलचे दोन कागद आहेत माझ्यासमोर. एकात जुनाट आजार, दुसऱ्यात नाही. यातला खोटा कुठला?"

मी हातानं खुणा करत होतो, टायपिंग मिस्टेक म्हणा, टायपिंग मिस्टेक.

"खोटा एकबी न्हाई साहेब," सर म्हणले. "पयला चुकीचा हाय. दुसरा बरोबर हाय. पयला आम्ही खोडलेला न्हाई, त्याच्याखाली का चुकला ते लिहिलंय, तारखेसकट. मूळ फाइल माझ्याम्होरं उघडी हाय. कवाबी मागवा."

"का चुकला?"

"भाषेनं. आई म्हणली उन्हाळी लागती, डॉक्टरांना उन्हाळा ऐकू आला."

मग तो कोरडा आवाज एकदम गावाकडं आला. "आयला. उन्हाळी व्हय." मागं कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, आन् दोन-चार माणसं हसली. मग परत कोरडं, "ठीक आहे. दोन्ही कागदांच्या सही-शिक्क्याच्या प्रती पाठवा. आजच."

सर्वात आधी पहिल्या, चुकलेल्या कागदावर सरांनी शिक्का मारला. शिक्का मारून झाल्यावर ते बराच वेळ शाईचं पॅड बंद करायला विसरले.

त्या वर्षीच सर निवृत्त झाले. नारळ, शाल, आन् नगरकरांचं भाषण, ज्यात त्यांनी 'रणनवरे यांच्या त्रासाला कोड नाही' असं म्हणून सगळ्यांना हसवलं. सर उत्तरात म्हणले, "काय अडलं तर इचारा," आन् खाली बसले. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो, खिडकीतनं पाय बघतो.

कोमलची ऑर्डर आली ती त्यानंतर. ती, तिची आई आन् मी, पेढे घेऊन एसटीनं दौंडला गेलो. आईला मी वाटेत विचारलं, आता डॉक्टरांशी कसं बोलता? म्हणली, "बोलते की. पर आधी इचारते, बाबा तू कुठला."

सर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते, ओळीखाली बोट. कोमलनं समोर उभं राहून कडक सॅल्यूट ठोकला. सर गडबडून उठले, आता हाताचं काय करायचं ते कळेना, शेवटी वर्तमानपत्रासकट हात वर केला आन् म्हणले, "सलाम." ऑर्डर मागून घेतली, पूर्ण वाचली, नाव, गाव, जन्मतारीख सगळं तपासलं, आन् मग पेढा घेतला. बाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना सरांनी कोमलची पाण्याची बाटली हातात घेतली, उजेडात धरून बघितली. निम्मी होती. काही न बोलता आत गेले आन् काठोकाठ भरून आणली.

स्टँडपर्यंत सोडायला आले. ऊन चांगलंच होतं. बस हलली, आन् खिडकीतनं बघितलं तर सर फलाटावर उभे राहून अंगठा तोंडाकडं नेत होते. परत परत, एकदम गंभीर चेहऱ्यानं. आपल्याकडं ह्या खुणेचा अर्थ एकच. कंडक्टरनं वाकून बघितलं आन् मला म्हणला, "काका बसायला बोलावत्यात काय? दुपारीच?"

सगळी बस हसली. कोमल नाही हसली. तिनं खिडकीतनं बाटली बाहेर काढून दाखवली, झाकण उघडलं आन् तोंडाला लावली. बस खड्ड्यातनं गेली, अर्धं पाणी तिच्या अंगावर सांडलं, तरी तिनं बाटली खाली घेतली नाही. वळण आलं तवा कुठं सरांचा अंगठा खाली आला.